नेट अडकलं की माणूस अडकला?

समोरासमोरच्या गप्पांत एकाचं बोलणं संपून दुसऱ्याचं सुरू होईपर्यंत सरासरी 200 मिलिसेकंद जातात, म्हणजे जेमतेम पापणी लवण्याइतका वेळ. व्हिडिओ कॉलवर नेट रडत असलं, तर आवाज पोचायलाच याच्या दुप्पट वेळही जाऊ शकतो. ऑफिसच्या मीटिंगमध्ये ते खपून जातं. ऑनलाइन समुपदेशनात खपत नाही, कारण तिथे गप्प राहणं हासुद्धा बोलण्याचाच भाग असतो. “बाबा गेले तेव्हा मी...” एवढं म्हणून कुणी थांबलं, की समुपदेशक मुद्दाम काही बोलत नाहीत. इकडे बोलणाऱ्याला वाटतं, नेट गेलं. “हॅलो, आवाज येतोय का?” झालं, ओठांवर आलेलं वाक्य परत पोटात.

म्हणून पहिल्याच सत्रात ठरवून घ्यावं, की चित्र गोठलं तर तसं चॅटमध्ये टाकायचं आणि एरवीची शांतता ही शांतताच समजायची. कॉल तुटला तर परत कोण लावणार, हेही तेव्हाच ठरवावं, नाहीतर दोघं एकमेकांना लावत बसतात आणि दोघांनाही एंगेज लागतं. पाच मिनिटांत जमलं नाही, तर सरळ साधा फोन. दोघांच्या व्हिडिओ कॉलला सेकंदाला साधारण 600 किलोबिट लागतात, नुसत्या आवाजाला 100 हून कमी. त्यामुळे नेट कुरकुरलं की आधी कॅमेरा बंद करावा. ब्लूटूथ स्वतःचा उशीर वर मिळवतो, तेव्हा वायरवाला इअरफोन बरा.

फोन पुस्तकांच्या चळतीवर, डोळ्यांच्या रेषेत, हातभर लांब ठेवावा, म्हणजे खांदे आणि हातही दिसतात. स्वतःचा चेहरा दाखवणारी चौकट लपवावी, नाहीतर रडतानाही लक्ष केसांकडे जातं. बेचैनीने खाली हलणारा पाय मात्र कॅमेऱ्यात येत नाही. तो आपणच सांगायचा.

खरी अडचण घराची. इअरफोनने फक्त समुपदेशकांचा आवाज लपतो. आपला आवाज सासूबाईंना स्वयंपाकघरात ऐकू जातोच. वन रूम किचनमध्ये दाराबाहेर पंखा किंवा रेडिओ लावणं, पार्क केलेल्या गाडीत बसणं, नाजूक भाग चॅटवर टाईप करणं, असे मार्ग काढावे लागतात. कुणी अचानक आत आलं तर विषय बदलायचा एखादा ठरलेला शब्द हवा. घरातच मारहाण होत असेल तर तो हवाच.

नैराश्य आणि चिंता यांच्यासाठी ऑनलाइन दिलेली बोधात्मक वर्तन चिकित्सा (सीबीटी, म्हणजे त्रास देणारे विचार आणि सवयी तपासून बदलायची पद्धत) समोरासमोरच्या उपचाराइतकीच गुण देते, असं बहुतेक अभ्यासांत दिसतं. पण तिचं निम्मं काम दोन सत्रांच्या मधल्या आठवड्यात होतं. वहीत नोंद अशी: साहेबांनी मेसेज वाचला, उत्तर नाही. विचार: ‘नोकरी जाणार.’ खात्री 80 टक्के. बाजूचा पुरावा: काही नाही. विरुद्ध: ते सगळ्यांनाच उशिरा उत्तर देतात. आता खात्री 35. ‘या आठवड्यात बरं नव्हतं’ एवढंच लिहिलेली वही कुणाच्याच उपयोगाची नाही. नैराश्य मोजायला पीएचक्यू-9 ही नऊ प्रश्नांची, 0 ते 27 गुणांची प्रश्नावली दर काही आठवड्यांनी भरतात. सहा-आठ सत्रांनंतरही आकडा हलत नसेल, तर पद्धत किंवा समुपदेशक बदलायचा विषय आपण काढावा. त्यात अपमान कसला?

औषध समुपदेशक देत नाहीत, ते काम मनोविकारतज्ज्ञांचं. नसलेले आवाज ऐकू येत असतील किंवा जीव द्यायचे विचार पक्के होत असतील, तर स्क्रीनवर विसंबू नये. जवळच्या माणसाला सोबत घेऊन रुग्णालय गाठावं. 14416 ही टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनची मोफत सेवा 2022 पासून चोवीस तास चालते, मराठीतही. अशा वेळी मदत पोचवता यावी म्हणूनच चांगले समुपदेशक सुरुवातीलाच आपला पत्ता आणि घरच्या एकाचा नंबर मागतात.

क्लिनिकमधून निघाल्यावर लोकलमध्ये, रिक्षात झालेलं बोलणं हळूहळू मुरतं. इथे लॅपटॉप मिटला की लगेच कुकरची शिट्टी. सत्रानंतरची पंधरा मिनिटं मोकळी ठेवून कोपऱ्यापर्यंत एक चक्कर मारून यावं, फोन घरी ठेवून.