लेनापी

उत्तर अमेरिकेतील अल्गाँक्वियन भाषाकुळातला एक मूळनिवासी समाज. डेलावेअर नदीचे खोरे, आजचे न्यू जर्सी, पूर्व पेनसिल्व्हेनिया आणि मॅनहॅटन ही त्यांची भूमी, लेनापेहोकिंग. इंग्रजांनी त्यांना दिलेले ‘डेलावेअर’ हे नाव एका इंग्रज लॉर्डचे. न्यू जर्सीतल्या अनेक मराठी घरांच्या पत्त्यात असलेले ‘पारसिपनी’ मात्र अस्सल लेनापी नाव आहे.

कूळ आईकडून चाले. लांडगा, कासव आणि टर्की ही तीन कुळे. मुलाला वळण लावण्यात मामाचा अधिकार मोठा, आणि मुखियाचे पद मुलाकडे न जाता भावाकडे किंवा भाच्याकडे जाई. शेती बायकांच्या हातची. मक्याच्या आळ्यातच घेवडा आणि भोपळा लावत. घेवड्याचा वेल मक्याच्या ताटावर चढे, भोपळ्याची रुंद पाने मातीतली ओल धरून ठेवत. मका राखेच्या पाण्यात उकळून त्याची साले काढत आणि ओंडका कोरून केलेल्या उखळात तो कांडत.

जमीन वापरायला देता येते, ती कायमची विकून टाकता येत नाही, अशी त्यांची समजूत होती. त्यामुळे १६२६ मध्ये डचांनी ६० गिल्डरांच्या (गिल्डर हे डच नाणे) मालाला मॅनहॅटन ‘विकत घेतले’, ही एकाच बाजूची नोंद ठरते. १७३७ चा ‘वॉकिंग पर्चेस’ ही तर उघड फसवणूक. पेनसिल्व्हेनिया वसाहतीचा संस्थापक विल्यम पेन याच्या मुलांनी १६८६ चा म्हणून एक जुना कागद पुढे केला: माणूस दीड दिवसात चालेल तेवढी जमीन. लेनापींनी धरली होती नेहमीची चाल, वाटेत बसत, खातपीत. वसाहतवाल्यांनी आधी रान तोडून वाट मोकळी केली आणि तीन चपळ माणसे भाड्याने घेतली. दोघे वाटेत गळाले. एडवर्ड मार्शल सुमारे १०० किमी गेला. तिथून डेलावेअर नदीपर्यंतची रेघही त्यांनी सोयीची, तिरकी ओढली.

मग ओहायो, इंडियाना, मिझूरी, कॅन्सस, ओक्लाहोमा असे हुसकावणे चालू राहिले. १७७८ मध्ये नव्या अमेरिकेने मूळनिवासींशी केलेला पहिला लेखी तह लेनापींशीच होता. चारच वर्षांनी, ८ मार्च १७८२ रोजी, ओहायोतल्या ग्नाडेनहुटेन येथे पेनसिल्व्हेनियाच्या मिलिशियाने (नागरिकांच्या सशस्त्र दलाने) ९६ निःशस्त्र ख्रिस्ती मूळनिवासी मारले. बहुतेक लेनापीच, ३९ मुले.

बारा रात्रींचा ‘बिग हाऊस’ विधी ते ओक्लाहोमापर्यंत घेऊन गेले. लाकडी खांबांवर कोरलेले, अर्धे लाल अर्धे काळे रंगवलेले चेहरे. त्यांच्यासमोर एकेक जण कासवाच्या पाठीचा खुळखुळा वाजवत आपल्याला झालेला दृष्टांत गाऊन सांगे. शेवटचा विधी १९२४ मध्ये झाला. ओक्लाहोमातल्या डेलावेअर समाजाने आता लेनापी भाषेचा बोलता कोश इंटरनेटवर ठेवला आहे. त्यात जुन्या जाणत्यांचे आवाज ऐकता येतात.