३०६० घ्यावं की ४०६०? ग्राफिक्स कार्ड घ्यायला येण्याआधी वाचा

"नवीन कोणतं? मग तेच द्या." काउंटरवर हे वाक्य रोज ऐकू येतं. या दोन्हींत नवीन ४०६० आहे, हे खरं. पण त्याला मेमरी ८ जीबी आणि जुन्या ३०६०ला १२, हे कळलं की तोच माणूस बुचकळ्यात पडतो. नवीन माल आणि मेमरी कमी, असं कसं? गर्दीत हे नीट सांगणं होत नाही, म्हणून हा कागद छापला. घरी नेऊन निवांत वाचा.

एनव्हिडियाचं आरटीएक्स ३०६० फेब्रुवारी २०२१मध्ये बाजारात आलं आणि ४०६० जून २०२३मध्ये. मेमरीचं कोडं चिपांच्या हिशोबात आहे. कार्डावरची प्रत्येक मेमरी चिप ३२ बिटच्या वाटेने मुख्य चिपला जोडलेली असते. ३०६०ची वाट १९२ बिटची, म्हणजे सहा चिपा. प्रत्येकी २ जीबी धरली की झाले १२. ४०६०ची वाट १२८ बिटची, चार चिपा, म्हणून ८. तेव्हा ते १२ जीबी कंपनीने उदार होऊन दिलेले नाहीत. चिप १ किंवा २ जीबीची, म्हणजे सहा चिपांत एक तर ६ तरी होणार किंवा १२ तरी, आणि ६ फारच कमी पडले असते. त्याच घरातलं थोरलं ३०६० टीआय जास्त वेगवान, पण त्यालासुद्धा ८ जीबीच.

मग ४०६० पुढे कसं जातं? स्वयंपाकघर डोळ्यासमोर आणा. मसाल्याचा डबा हाताशी असतो आणि बाकीचा माल कोठीच्या खोलीत. चिपच्या आतली कॅशे म्हणजे तो मसाल्याचा डबा, आणि कार्डावरची ८ किंवा १२ जीबी मेमरी म्हणजे कोठी. ३०६०चा डबा ३ एमबीचा, ४०६०चा २४ एमबीचा. डबा मोठा असल्याने कोठीत फेऱ्या कमी होतात, म्हणून कोठीकडची वाट अरुंद असूनही ४०६०चं अडत नाही. शिवाय त्याची चिप जास्त वेगाने चालते, २४६० मेगाहर्ट्झपर्यंत. ३०६०चा आकडा १७७७ आहे. कुडा कोअर (चिपमधले हिशोब करणारे छोटे भाग) ३०६०मध्ये ३५८४ आणि ४०६०मध्ये ३०७२ आहेत, पण दोन वेगवेगळ्या पिढ्यांतले कोअर मोजून काही कळत नाही. तो आकडा बघून ठरवू नका.

गेम खेळणाऱ्यांसाठी

१०८०पीच्या मॉनिटरवर ४०६० सेकंदाला साधारण १५ ते २० टक्के जास्त फ्रेम, म्हणजे चित्रं, देतं. बसल्या जागी डोळ्याला जाणवेल असा हा फरक नव्हे. ५० फ्रेमच्या जागी ६० मिळतील, एवढाच.

जाहिरातीत दुप्पट फ्रेमचे आलेख दिसतात, ते फ्रेम जनरेशनचे. यात कार्ड दोन खऱ्या फ्रेमच्या मधली एक फ्रेम स्वतः बनवून घालतं. एनव्हिडियाची ही सोय ४०६०ला आहे, ३०६०ला नाही. चित्र नक्की गुळगुळीत दिसतं, पण माउस हलवल्यावर मिळणारा प्रतिसाद त्याने वाढत नाही. मुळात २५-३० फ्रेम मिळत असतील तर वर ६० लिहून येतं आणि हाताला मात्र जडच लागतं. आमच्या मते ही चांगली जोड आहे, पण तेवढ्यासाठी कार्ड घेऊ नये.

तुलनेच्या व्हिडिओत सरासरी फ्रेमच्या खाली 'एक टक्का लो' असा एक आकडा असतो, म्हणजे सर्वांत हळू एक टक्का फ्रेमचा वेग. बहुतेक जण तो बघतच नाहीत. आम्ही आधी तोच बघतो. सरासरी ७० आणि हा आकडा २० असेल तर गेम दर थोड्या वेळाने अडखळणार. बऱ्याचदा असं कोठी भरल्यावर होतं. ८ जीबी भरले की जादाचा माल कॉम्प्युटरच्या साध्या रॅममध्ये जातो, म्हणजे चिमूटभर जिऱ्यासाठी दर वेळी कोपऱ्यावरच्या दुकानात पळायचं. २०२३पासूनच्या काही मोठ्या गेममध्ये टेक्श्चर (पृष्ठभागांचं बारीक चित्र) 'अल्ट्रा' या सर्वांत वरच्या सेटिंगवर ठेवलं की ४०६०वर हे होतं. एक पायरी खाली आणलं की बहुतेक वेळा थांबतं.

इथे जुना मदरबोर्ड असणाऱ्यांनी थांबून वाचावं. कार्ड बसतं त्या पीसीआय एक्स्प्रेस स्लॉटला माल नेण्याच्या सोळा लेन असतात, ४०६० त्यातल्या आठच वापरतं. बोर्ड चौथ्या पिढीच्या पीसीआय एक्स्प्रेसचा असेल तर काही बिघडत नाही. पण एएमडीच्या बी४५० बोर्डावर किंवा इंटेलच्या दहाव्या पिढीपर्यंतच्या मशीनवर पीसीआय एक्स्प्रेसची तिसरीच पिढी असते, म्हणजे दुकानापर्यंतचा रस्ता निम्म्यावर येतो. मेमरी भरली नाही तर फरक किरकोळ, भरली तर चांगलाच बसतो. ३०६० सोळाही लेन वापरतं, त्यामुळे जुन्या मशीनवर ते जास्त सोशिक ठरतं.

आणि फक्त व्हॅलोरंट खेळायचा असेल तर या दोन्हींतलं काहीच नको. तो गेम प्रोसेसरवर चालतो. ते पैसे प्रोसेसर आणि रॅममध्ये घाला. आमची विक्री बुडते, पण नंतर "फ्रेम वाढल्याच नाहीत" म्हणून तुम्ही परत येण्यापेक्षा ते बरं.

लग्नाचं शूटिंग, एडिटिंग, रेंडरिंग

आमच्याकडे येणाऱ्यांत गेमवाल्यांइतकेच शूटिंगवाले आहेत. लग्नसराईत त्यांची घाई असते, म्हणून थोडं सविस्तर.

४के टाइमलाइनवर नॉइज काढायचा इफेक्ट टाकला, वर कलर ग्रेडिंग, वर दोन लेयर, आणि दाविंची या एडिटिंगच्या सॉफ्टवेअरने जीपीयू (ग्राफिक्स कार्डाची) मेमरी संपल्याची सूचना दिली, असं एक मशीन परवाच टेबलावर होतं. कार्ड ८ जीबीचं. वेग पुरेसा होता, जागा नव्हती. असं काम रोजचं असेल तर १२ जीबीचं ३०६० घ्या, दोन मिनिटं उशिरा का होईना, एक्स्पोर्ट पूर्ण होतं. ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरमध्येही तेच. सीन ८ जीबीत बसला तर ४०६० तो लवकर काढतं, नाही बसला तर वेगाचा उपयोग नाही. आर्किटेक्चरची मुलं झाडं टाकून टाकून सीन फुगवतात, त्यांनी हे लक्षात ठेवावं.

नव्या कॅमेऱ्यांचं १०-बिट ४:२:२ फुटेज (ज्यात रंगांची माहिती जास्त असते) मात्र या दोन्ही कार्डांवर अडखळतं, कारण ते हार्डवेअरमध्ये उलगडायची सोय दोन्हींत नाही. तुमचा कॅमेरा ते एचईव्हीसी (एच.२६५) या फॉरमॅटमध्ये देत असेल तर इंटेलचा अकराव्या पिढीपासून पुढचा, अंगभूत ग्राफिक्सवाला प्रोसेसर ते सहज उलगडतो. म्हणून एडिटिंगचं मशीन बांधताना नावाच्या शेवटी 'एफ' असलेला प्रोसेसर आम्ही देत नाही. थोडी बचत होते, पण नेमकी तीच सोय जाते.

लाइव्ह स्ट्रीमिंग करणाऱ्यांसाठी ४०६० एव्ही१ या नव्या फॉरमॅटमध्ये व्हिडिओ बनवू शकतं, ३०६० तो फक्त दाखवू शकतं.

वीज आणि एसएमपीएस

३०६० पूर्ण भारावर १७० वॉट घेतं, ४०६० ११५. रोज चार तास पूर्ण भार धरला तर वर्षाला सुमारे ८० युनिटचा फरक पडतो. दहा रुपये युनिट धरलं तर ८०० रुपये. बिलापेक्षा खरा फायदा उन्हाळ्यात आहे, एप्रिल-मे महिन्यात बंद खोलीत ते ५५ वॉट जाणवतात. एसएमपीएस (मशीनला वीज देणारी पेटी) दोन्हींना ५५० वॉटचा चालतो, पण नावाजलेला हवा. कॅबिनेटसोबत फुकट आलेल्या एसएमपीएसवर आम्ही कार्ड बसवून देत नाही. त्यावरून वाद घालू नये, ही विनंती.

जुनं ३०६० घेत असाल तर

सप्टेंबर २०२२मध्ये इथेरियम या क्रिप्टो चलनाचं मायनिंग (कार्डं रात्रंदिवस चालवून चलन मिळवणं) बंद झालं आणि त्या कामाला जुंपलेली कार्डं जुन्या बाजारात आली. ती सगळीच वाईट नसतात, पण पंखे झिजलेले आणि थर्मल पेस्ट वाळलेली असू शकते. आणखी एक गोष्ट: ३०६० याच नावाने ८ जीबीचंही कार्ड निघालं होतं. त्याची वाट १२८ बिटची आणि चालही हळू. कार्ड मशीनला लावून जीपीयू-झेड हे कार्डाची माहिती दाखवणारं सॉफ्टवेअर उघडा, १२ जीबी आणि १९२ बिट दिसलं तरच पैसे द्या.

"मग ५०६०चं काय?" २०२५मध्ये तेही आलं. वेग आणखी वाढला, वरचं ४:२:२ फुटेजही उलगडतं, पण मेमरी पुन्हा ८ जीबीच. म्हणजे वर कोठीबद्दल लिहिलेलं सगळं त्यालाही लागू.

येताना मदरबोर्डचं नाव, एसएमपीएसवरच्या लेबलचा फोटो आणि कॅबिनेटच्या आतली मोकळी लांबी मोजून आणा. एडिटिंगवाल्यांनी आपला सर्वांत जड प्रोजेक्ट फुटेजसकट हार्ड डिस्कवर आणावा. दोन्ही कार्डं टेबलावर लावलेली असतात, तुमच्याच फाइलवर चालवून दाखवतो. आणि घरी नेल्यावर फरक जाणवला नाही तर फोन करण्याआधी मशीनच्या मागे बघा. मॉनिटरची केबल कार्डाऐवजी मदरबोर्डला लावलेली असते, दर महिन्याला एखादं तरी मशीन तेवढ्यासाठी परत येतं.