दरडोई कार्बन डायऑक्साइड उत्सर्जन

एखाद्या देशाच्या हद्दीत कोळसा, तेल व नैसर्गिक वायू जाळल्याने आणि सिमेंट बनवताना वर्षभरात जेवढा कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो, त्याला लोकसंख्येने भागून येणारा आकडा. २०२३ मध्ये भारताचे उत्सर्जन सुमारे ३०० कोटी टन आणि लोकसंख्या साधारण १४३ कोटी होती, म्हणजे माणशी २.१ टन. जगाची सरासरी ४.७ टनांच्या आसपास आहे. २०११ नंतर जनगणना न झाल्याने भारताच्या बाबतीत या भागाकारातला छेदही अंदाजाचाच होता.

या २ टनांत घरातल्या चुलीचा वाटा फार थोडा. १४.२ किलोचा सिलिंडर जाळला की साधारण ४२ किलो कार्बन डायऑक्साइड निघतो. चार माणसांच्या घरात वर्षाला आठ सिलिंडर लागले तरी माणशी ८५ किलोच होतात. बाकीचा बहुतेक भार कोळशावरची वीज, पोलाद, सिमेंट आणि डिझेल यांचा.

अमेरिकेचा आकडा १९७३ च्या सुमारास २२ टनांवर होता. तो आता १४-१५ टनांवर आला आहे. कोळशाची जागा वायूने घेणे हे त्याचे एक मोठे कारण. ब्रिटन ११-१२ टनांवरून ५ च्या खाली उतरला, आणि ३० सप्टेंबर २०२४ रोजी तिथले शेवटचे कोळसा वीजकेंद्र बंद झाले. फ्रान्सने १९७३ च्या तेलसंकटानंतर अणुवीज उभारली. म्हणून जीवनमान जर्मनीसारखेच असूनही त्याचा आकडा जर्मनीपेक्षा बराच कमी आहे. श्रीमंतीबरोबर उत्सर्जन वाढतेच, हे विधान त्यामुळे अर्धेच खरे. वीज कशापासून बनते हे आधी पाहावे. चीन २००० मध्ये ३ टनांच्या आत होता, आज ८ टनांवर आहे आणि युरोपीय संघाला त्याने मागे टाकले आहे.

उतरता आलेख दर वेळी शहाणपणाचा नसतो. सोव्हिएत संघ फुटल्यावर युक्रेनचा आकडा दहा वर्षांत निम्म्यावर आला, तो कारखाने बंद पडल्यामुळे.

तुलनेतल्या चुका बहुधा मोजमापातून येतात. काही तक्ते नुसत्या कार्बनचे असतात; त्यांना ३.६७ ने गुणल्याशिवाय ते कार्बन डायऑक्साइडच्या तक्त्याशेजारी ठेवू नयेत. मिथेनचा परिणाम कार्बन डायऑक्साइडच्या मापात बदलून धरलेले ‘समतुल्य’ आकडेही वेगळे ठेवावेत. जंगलतोड बहुधा या हिशेबात नसते, त्यामुळे ब्राझील वाजवीपेक्षा स्वच्छ दिसतो. आंतरराष्ट्रीय विमान व जहाजांचे इंधन कोणत्याच देशाच्या खात्यात पडत नाही.

मालाच्या आयातीचा हिशेब निराळा. चीनमध्ये बनून लंडनमध्ये विकल्या गेलेल्या वस्तूचा धूर चीनच्या नावावर लागतो. खपानुसार मोजले तर ब्रिटनचा आकडा बराच वर जातो, चीन व भारताचा थोडा खाली येतो.

यादीत सर्वांत वर असलेल्या कतारमध्ये माणशी ३५ टनांहून अधिक उत्सर्जन होते. निर्यातीचा वायू थंड करून द्रवरूप करताना लागणारी ऊर्जा कतारच्या खात्यात धरतात. तो वायू पुढे जिथे जळतो, तिथला धूर त्या देशाच्या खात्यात. शिवाय छेदात कामगार म्हणून आलेले परदेशी लोक कतारी नागरिकांपेक्षा कितीतरी जास्त आहेत, त्यांत कोकणातून गेलेलेही आले. मजुरांच्या सामायिक खोलीत राहणाऱ्यांच्या नावावरही कागदोपत्री तेवढेच ३५ टन लागतात.