गणिताच्या तासाला पाच भाकरी

चौथीत आमच्या बाईंनी भागाकार शिकवला तो पंगतींनी. फळ्यावर ५००० लिहिले, शेजारी ५० लिहिले आणि विचारलं, "पाच हजार माणसं जेवायला बसलीत. एका पंगतीत पन्नास. तर पंगती किती?" बायबलमधल्या लूकच्या शुभवर्तमानात पाच भाकरी आणि दोन माशांत पाच हजार लोक जेवल्याच्या चमत्काराची गोष्ट आहे. तिथे येशू शिष्यांना सांगतो, लोकांना पन्नास-पन्नासच्या पंगतींनी बसवा. बाईंनी यातलं काही बोलून दाखवलं नाही. आम्ही सात-आठ कॅथलिक मुलांनी एकमेकांकडे पाहिलं, कारण ती गोष्ट आम्ही मिस्साला, म्हणजे चर्चमधल्या उपासनेत, ऐकली होती. बाकीच्यांना ते गावजेवण वाटलं. उत्तर सगळ्यांचं शंभर आलं. पुढचं गणित वारीतल्या दिंडीचं होतं.

कॅथलिक प्राथमिक शाळेत श्रद्धा हा वेगळा तास नसावा, ती भाषा, गणित, परिसर अभ्यास या सगळ्यांत मुरलेली असावी, असं पाळक आणि शिक्षक आजही आग्रहाने सांगतात. काही पालकांना ते हवंसं वाटतं, काहींना त्याची धास्ती वाटते. दोन्ही भावनांमागे साडेचारशे वर्षांहून जुना इतिहास आहे आणि त्याचा बराच भाग मुंबई, साष्टी आणि वसईच्या पट्ट्यात घडला आहे.

सुरुवात पोर्तुगीज अमलातली. त्या काळात विषय आणि श्रद्धा असे दोन भाग नव्हतेच. चर्चला लागून असलेल्या शाळेत मुलगा अक्षरं गिरवायचा ती प्रार्थना वाचता यावी म्हणून आणि सूर शिकायचा तो मिस्सात गाण्यासाठी. आपल्याकडे चर्चच्या गायनाची आणि व्हायोलिनची जी परंपरा दिसते तिचं मूळ याच शाळांत आहे. बोरिवलीला मंडपेश्वरच्या लेण्यांवर फ्रान्सिस्कन संघाच्या धर्मगुरूंनी १६व्या शतकात मठ आणि विद्यालय बांधलं. आतलं शिवाचं लेणं त्यांनी चर्च करून टाकलं. पडक्या भिंती आजही लेण्याच्या डोक्यावर उभ्या आहेत. खाली पूजा चालते आणि हाकेच्या अंतरावर चर्च आहे. मी तिथे जातो तेव्हा अभिमान आणि अपराधीपणा दोन्ही एकदम दाटून येतात. हिंदू अनाथ मुलांना ख्रिस्ती संस्थांच्या हवाली करावं, असं पोर्तुगीजांचं १५५९ सालचं फर्मान होतं. शिक्षणाच्या नावाने मुलाचा धर्म बदलेल, ही आईबापांची भीती हवेतून आलेली नाही. ती आपण कॅथलिकांनी मोकळेपणाने मान्य केली पाहिजे.

त्याच काळात एक वेगळी वाटही निघाली. फादर थॉमस स्टीफन्स हा जेजुइट संघाचा इंग्रज धर्मगुरू १५७९ साली गोव्यात आला, मराठी शिकला आणि त्याने ओवीत ख्रिस्तपुराण लिहिलं. ते १६१६ साली गोव्यातल्या रायतूरला रोमन लिपीत छापलं गेलं. जवळजवळ अकरा हजार ओव्या. ज्यांची पुराणं सुटली होती त्या नव्या ख्रिस्ती लोकांना आपल्याच भाषेत, आपल्याच चालीत काही ऐकायला मिळावं हा त्याचा हेतू. विषयात श्रद्धा मुरणं म्हणजे काय, याचं मराठीतलं पहिलं मोठं उदाहरण मी हेच मानतो. ओवी कानात बसते आणि तिच्याबरोबर कथाही बसते. मराठी आधी आणि धर्म नंतर, असा क्रम तिथे लावताच येत नाही.

१७३९ च्या मे महिन्यात चिमाजी अप्पांनी वसई घेतली. चर्चच्या घंटा मराठ्यांनी विजयाची खूण म्हणून नेल्या आणि देवळांत टांगल्या. नाशिकला गोदाकाठी नारोशंकराच्या देवळातल्या घंटेवर १७२१ साल कोरलेलं आहे, भीमाशंकरलाही अशी घंटा आहे. वसईच्या मोहिमेचा धडा आला की वर्गातलं कॅथलिक मूल गोंधळतं. मीही गोंधळलो होतो. बाकीची मुलं जिंकल्याचा आनंद करत होती. मला कळेना, आपण जिंकलो की हरलो? बाईंनी ते ओळखलं असावं. त्यांनी विचारलं, "त्या दिवशी वसईच्या आसपासच्या वाड्यांत कोण राहत होतं?" कोळी, भंडारी, शेतकरी. काही हिंदू, काही ख्रिस्ती. पोर्तुगीज गेले, वाड्या तिथेच राहिल्या. स्थानिक पाद्रींनी मिस्सा चालू ठेवली, शेतं पिकत राहिली आणि ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी आगेऱ्याला, म्हणजे सुगीच्या सणाला, नव्या भाताच्या लोंब्या आजही चर्चमध्ये आशीर्वादाला येतात. इतिहासाच्या तासाला श्रद्धेचं नाव न घेता मला माझी जागा मिळाली.

आजच्या शाळेची चौकट मात्र इंग्रजांच्या काळात तयार झाली. १८५४ च्या वुडच्या खलित्याने खासगी शाळांना सरकारी अनुदानाचं दार उघडलं. अट अशी की सरकार फक्त लौकिक शिक्षण तपासेल आणि त्यासाठीच पैसे देईल. शाळेत धर्म शिकवला जातो का, कसा शिकवला जातो, यात ते लक्ष घालणार नाही. हे तटस्थ धोरण होतं, पण त्याने वेळापत्रकाचे दोन तुकडे केले. इन्स्पेक्टर पाहणार ते विषय एकीकडे, धर्मशिक्षण दुसरीकडे. मुंबईतल्या नामांकित कॅथलिक शाळा याच काळात उभ्या राहिल्या: वांद्र्याची सेंट स्टॅनिस्लॉस १८६३ साली, माझगावची सेंट मेरीज १८६४ साली, सेंट झेवियर्स १८६९ साली. शहर वाढत होतं, इंग्रजी शिकलेल्या माणसाला नोकरी होती आणि पारशी, हिंदू, मुसलमान घरांतली मुलं या वर्गांत येऊन बसू लागली. कॅथलिक मुलांना कॅटेकिझम म्हणजे धर्मशिक्षण आणि बाकीच्यांना मॉरल सायन्स म्हणजे नीतिशिक्षण, ही मुंबईकरांच्या ओळखीची वाटणी या परिस्थितीत सोयीची ठरली.

इकडे ही वाटणी रुळत असताना रोममधून नेमकी उलट हाक आली. १८९७ साली पीटर कनिसियस या जेजुइट शिक्षकाच्या मृत्यूला तीनशे वर्षं झाली. त्या निमित्ताने काढलेल्या परिपत्रकात पोप तेरावे लिओ यांनी लिहिलं की ठरावीक तासांना धर्म शिकवून भागत नाही, बाकीचा प्रत्येक विषयही ख्रिस्ती भक्तीने भारलेला हवा. १९२९ च्या डिसेंबरअखेर पोप अकरावे पायस यांनी ते वाक्य पुन्हा पुढे आणलं आणि त्यात शिक्षक, अभ्यासक्रम, पाठ्यपुस्तकं असं सगळं ओढलं. "प्रत्येक विषयात श्रद्धा" या आग्रहाचं आधुनिक मूळ इथे आहे. युरोपात सरकारं शाळा चर्चच्या हातून काढून घेत होती, म्हणून त्या शब्दांत एवढी धार आहे. ज्या वर्गात निम्म्याहून जास्त मुलं दुसऱ्या धर्मांची आहेत तो वर्ग लिहिणाऱ्याच्या डोळ्यांपुढे नव्हता. मुंबईतल्या शाळेला ते शब्द जसेच्या तसे लागू करायला निघालं की गाडी अडते ती यामुळे.

१९५० साली राज्यघटना आली आणि तिने सीमा स्पष्ट आखली. कलम ३० ने अल्पसंख्याकांना आपल्या शिक्षणसंस्था स्थापण्याचा आणि चालवण्याचा हक्क दिला. कलम २८ ने सांगितलं की पूर्णपणे सरकारी पैशावर चालणाऱ्या शाळेत धर्मशिक्षण नाही. मान्यताप्राप्त किंवा अनुदानित शाळेत ते असू शकतं, पण मुलाच्या पालकाची संमती असल्याशिवाय त्याला तिथे बसवता येणार नाही. माझ्या मते ही दोन कलमं एकत्र वाचली तरच मुंबईची कॅथलिक शाळा समजते. एका कलमाने तिला स्वतःचा चेहरा ठेवायची मुभा दिली, दुसऱ्याने मुलाचा हात धरून त्याला सक्तीपासून वाचवलं. आणि संमती हा शब्द मला धर्माच्या दृष्टीनेही मोलाचा वाटतो. सक्तीने म्हटलेल्या प्रार्थनेत श्रद्धा कुठून येणार?

पुढचं वळण चर्चने स्वतः घेतलं. १९६४ च्या डिसेंबरात पोप सहावे पॉल मुंबईत आले, ओव्हल मैदानावर माणसांचा समुद्र लोटला. त्यानंतर वर्षाच्या आत, २८ ऑक्टोबर १९६५ ला, दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेचा, म्हणजे रोमला भरलेल्या जगभरच्या बिशपांच्या सभेचा, ख्रिस्ती शिक्षणाविषयीचा जाहीरनामा निघाला. श्रद्धेच्या उजेडात ज्ञान द्यावं हे त्यात आहेच, पण त्याबरोबर आणखी एक वाक्य आहे: ज्या कॅथलिक शाळांत इतर धर्मांची मुलं शिकतात, त्या चर्चला फार प्रिय आहेत. मुंबईतल्या शाळांना आपलं वर्णन पहिल्यांदा रोमच्या कागदावर दिसलं. याच परिषदेनंतर मिस्सा लॅटिनमधून मराठीत आली. घरी, वर्गात आणि वेदीपुढे एकच भाषा झाली.

१९७७ साली रोमच्या शिक्षणविभागाने कॅथलिक शाळेवर स्वतंत्र दस्तऐवज काढला. त्यातला एक मुद्दा शिक्षकांनी भिंतीवर लावावा असा आहे. प्रत्येक विषय त्याच्या त्याच्या पद्धतीनेच शिकवला पाहिजे, त्याला श्रद्धेचं शेपूट समजणं चूक आहे. म्हणजे भागाकार हा भागाकारच. पाच हजार भागिले पन्नास हे गणित चमत्कार सिद्ध करायला वापरलं, तर गणितही बिघडतं आणि गोष्टही. आमच्या बाईंनी पंगती घेतल्या, चमत्कार सोडून दिला. त्यांनी हा दस्तऐवज कधी वाचला नसणार.

बाई कॅथलिक नव्हत्या. मला हे सांगायचं होतं म्हणूनच मी लिहायला बसलो. त्या गिरगावातून येत, मंगळसूत्र, हातात कापडी पिशवी. शाळेच्या सणाला त्या मिस्साला मागच्या बाकावर बसत आणि तिथेच लूकच्या पंगती त्यांच्या कानावर पडल्या. मुंबईच्या कॅथलिक शाळांत असे शिक्षक पिढ्यान्‌पिढ्या आहेत. कॅटेकिझम कोणी शिकवावा हे शाळा ठरवू शकते, पण मुलाला हाक कशी मारायची, मागे पडलेल्याजवळ कोणी बसायचं, डबा न आणलेल्या मुलाचं काय करायचं, हे सगळे शिक्षक मिळून शिकवतात. श्रद्धा विषयांत मुरते ती या मार्गाने, असं माझं ठाम मत आहे.

पुस्तकातून ती येण्याची सोय तशीही राहिलेली नाही. १९६७ साली बालभारतीची स्थापना झाली. राज्य मंडळाच्या शाळेत पुस्तक त्यांचंच, मग शाळा पाळकांची असो वा पालिकेची. शिक्षकाच्या हाती उरतं ते उदाहरण आणि पाठटाचण, म्हणजे पाठाचा आराखडा. १९८६ च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने दहा गाभाघटक, म्हणजे सगळ्या शिक्षणात असावेत असे समान मुद्दे, दिले आणि आपल्याकडे पाठ काढताना विषय कोणताही असो, त्याचा गाभाघटक आणि मूल्य लिहायची पद्धत पडली. श्रमप्रतिष्ठा, संवेदनशीलता, सौजन्यशीलता. प्रत्येक विषयातून काहीतरी मुरवावं, ही कल्पना अशी सरकारी छापील रकान्यातही आहे. २००२ साली सर्वोच्च न्यायालयाने अरुणा रॉय खटल्यात धर्मांविषयी माहिती देणं आणि धर्मशिक्षण देणं यांत फरक केला, त्यामुळे वर्गात नाताळ, ईद, दिवाळी समजावून सांगायला शिक्षकाला कचरण्याचं कारण उरलं नाही.

आमच्या शाळेत कॅटेकिझमचा तास मधल्या सुट्टीच्या आधी असे. घंटा झाली की आम्ही सात-आठ जण उठून सिस्टरांच्या खोलीत जायचो, बाकीचे बाईंकडे मॉरल सायन्सला थांबायचे. अर्ध्या तासाने परत यायचो तेव्हा शेजारच्याने आमच्या बाकावर पाय पसरलेले असायचे. तो पाय काढायचा, विचारायचा, "आज काय गोष्ट सांगितली?" आणि आम्ही डबे उघडता उघडता सांगायचो.