पिशवीची साधी गाठ हृदयापर्यंत: मागचा इतिहास

आपल्या बेळगाव, खानापूर, निपाणी भागात गाठीमुळं पिशवी काढलेली बाई ओळखीत कुणी ना कुणी असतेच, रिपोर्टमध्ये फायब्रॉइड, म्हणजे गर्भाशयाच्या स्नायूची साधी गाठ, येतं, कॅन्सर नाही म्हटलं की घरचे निर्धास्त होतात आणि बहुतेकींचं तिथंच संपतंही. पण क्वचित एखादीच्यात हीच साधी गाठ गर्भाशयाच्या शिरांत शिरते आणि रक्त ज्या दिशेनं वर जातं त्याच दिशेनं वेलासारखी वाढत ओटीपोटातल्या शिरांतून मोठ्या महाशिरेत, तिथून थेट हृदयाच्या उजव्या कप्प्यात पोचते. याला इंट्राव्हीनस लिओमायोमॅटोसिस म्हणतात.

हे काय नवीन नाही. 1896 मध्ये बिर्श-हिर्शफेल्ड या जर्मन पॅथॉलॉजिस्टनं शिरांतली ही वाढ नोंदवली, आणि 1907 मध्ये ड्युर्क यांनी ती हृदयापर्यंत गेलेली दाखवली. मग वाद सुरू झाला: गाठ पिशवीतून शिरेत घुसते का शिरेच्या भिंतीतच तयार होते? क्नाउअर 1903 मध्ये भिंतीच्या बाजूनं बोलले, झिट्सेनफ्राय 1911 मध्ये घुसण्याच्या, आणि अजूनही दोन्ही मतं मांडली जातात. 1975 मध्ये नॉरिस आणि पार्मली यांनी 14 केसेस एकत्र अभ्यासल्या, त्याचा आधार आजही घेतात.

माझ्या मते खरा फरक मशीननं पडला. 1953 मध्ये गिबन यांनी हार्ट-लंग मशीन, म्हणजे ऑपरेशनवेळी हृदय-फुप्फुसाचं काम करणारं यंत्र, लावून हृदयाचं ऑपरेशन यशस्वी केलं, त्याच वर्षी स्वीडनमध्ये एडलर आणि हर्ट्झ यांनी अल्ट्रासाऊंडनं चालतं हृदय बघितलं. त्यानंतर कुठं जिवंतपणी ही गाठ दिसायला आणि काढायला वाट झाली. तरी चूक होतेच, कारण इकोमध्ये, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीत, ती रक्ताच्या गुठळीसारखी नाहीतर मिक्सोमासारखी (हृदयातच होणाऱ्या साध्या गाठीसारखी) दिसते, आणि पेशंट हार्टच्या डॉक्टरकडं बसलेली असताना पिशवीचं ऑपरेशन कधीकाळी झालंय हे कुणी विचारत नाही, तीही सांगत नाही.

आता इको, सीटी बेळगावातही होतं, मिरज-कोल्हापूरलाही. गाठ अंडाशयातनं येणाऱ्या इस्ट्रोजेन या हार्मोनवर पोसते म्हणून पुष्कळदा अंडाशयही काढतात, थोडी जरी मागं राहिली तर काही वर्षांनी परत वाढू शकते. तेव्हा पिशवी काढलेल्या आई, काकी, मावशीला दम लागत असेल, पाय सुजत असतील, चक्कर येऊन पडल्या असतील तर पिशवीची जुनी फाईल आणि बायॉप्सीचा रिपोर्ट घेऊनच डॉक्टरकडं जावा.