नायट्रेट निगेटिव्ह आणि सेफ्टी निगेटिव्ह: 'सेफ्टी' म्हणजे टिकाऊ नव्हे

म्युझियमकडे जुन्या वर्तमानपत्राच्या निगेटिव्हचे खोके आले की पहिला प्रश्न ठरलेला, यात नायट्रेट, म्हणजे सेल्युलोज नायट्रेट या जुन्या प्लॅस्टिकवरची फिल्म, किती? नायट्रेट पेट घेतं हे सगळ्यांनी ऐकलेलं असतं, म्हणून ते बाजूला काढतात, आणि बाकीच्यांच्या कडेला 'सेफ्टी' छापलेलं दिसलं की सगळे निवांत, खोके कपाटावर जातात आणि वर्षानुवर्षं कोणी उघडून बघत नाही. माझ्या पोटात गोळा येतो तो इथे. सेफ्टी हा शब्द फक्त आगीपुरता आहे, ही फिल्म भसकन पेटत नाही एवढंच त्याचं म्हणणं, ती टिकेल असं कुणीही लिहून दिलेलं नाहीये.

हातात घेतल्या तर दोन्ही सारख्याच, पारदर्शक प्लॅस्टिक आणि त्यावर जिलेटिनमध्ये चांदीची प्रतिमा. फरक खालच्या प्लॅस्टिकमध्ये आहे. कोडॅकनं नायट्रेटवरची शीट फिल्म, म्हणजे एकेका फोटोचे सुटे ताव, 1939 मध्ये थांबवली, गुंडाळीतल्या काही रोल फिल्म मात्र 1950 पर्यंत चालू होत्या, आणि सेफ्टी म्हणजे अॅसिटेट फिल्म तर 1920च्या दशकापासूनच हळूहळू येत होती, त्यामुळे मधल्या काळातल्या एकाच पाकिटात दोन्ही सापडतात. कडेची अक्षरं बघा, पण नायट्रेटची कॉपी सेफ्टीवर काढली असेल तर जुनी अक्षरंही सोबत उमटतात हे लक्षात ठेवा. कोडॅकच्या जुन्या शीट फिल्मला कोपऱ्याजवळ खाचा असतात, कडेकडून पहिली खाच व्हीसारखी असेल तर नायट्रेट, यूसारखी असेल तर अॅसिटेट.

खराब व्हायची तऱ्हा मात्र अगदी वेगळी. नायट्रेट पिवळं पडतं, मग चिकट होऊन पाकिटाला धरून बसतं आणि शेवटी तपकिरी भुकटी होते. त्यातून निघणारे वायू ओल मिळाली की नायट्रिक आम्ल बनतात आणि चांदीच खातात. अॅसिटेटचं पाकीट उघडलं की आधी नाकात व्हिनेगरचा वास जातो. खालचं प्लॅस्टिक आकसतं, वरचं जिलेटिन आकसत नाही, मग ते उचलून येतं आणि निगेटिव्ह तिरकी धरून उजेडात बघितली की चेहऱ्यावरून, गर्दीवरून नाल्यांसारख्या सुरकुत्या गेलेल्या दिसतात. आणि हे एकदा सुरू झालं की निघालेलं आम्लच पुढचा वेग वाढवतं, बंद खोक्यात शेजारच्या फिल्मलाही लागण होते. 21 अंश आणि 50 टक्के आर्द्रता, म्हणजे आपल्याला छान वाटणारी खोली, तिथे नव्या अॅसिटेटला हा वास सुटायला साधारण 40 वर्षं लागतात. बातम्यांची बरीचशी फिल्म त्याहून कितीतरी जुनी आहे! त्याच काळातलं नायट्रेट कधी कधी स्वच्छ, सपाट निघतं आणि शेजारचं 'सेफ्टी' पार मोडलेलं असतं.

तरी नायट्रेटची भीती खोटी नाही. ते जळताना स्वतःचाच ऑक्सिजन पुरवतं, पाण्याखालीही जळत राहतं, 1978 मध्ये अमेरिकेच्या नॅशनल आर्काइव्हजच्या सूटलँड इथल्या फिल्म ठेवायच्या तिजोऱ्यांमध्ये नायट्रेटवरच्या न्यूजरील, म्हणजे जुने बातमीपट, अशाच जळून गेल्या. म्हणून ते वेगळ्या जागी, हवा खेळती ठेवून आणि अग्निशमनवाल्यांना सांगून. थंडी मात्र दोघांनाही हवी, शक्यतो उणे 18 अंश आणि 30 ते 40 टक्के आर्द्रता, आणि बाहेर काढल्यावर पिशवी लगेच उघडायची नाही, नाहीतर दव धरतं.

जुनी पाकिटं फेकू नका, कृपा करून. निगेटिव्ह नव्या पाकिटात घाला, जुन्याच्या डिंकानं डाग पडतात हे खरंच आहे, पण तारीख, जागा, फोटोत कोण आहे हे बऱ्याचदा फक्त त्या पाकिटावर पेन्सिलनं लिहिलेलं असतं. छापून आलेला फोटो निदान अंकात तरी सापडेल, त्याच रोलवरचे न छापलेले फोटो दुसरीकडे कुठेच नाहीत.

स्कॅनिंगला वेळ कमी असेल तर मी आधी वास येणारं पण अजून सपाट असलेलं अॅसिटेट घेईन. सुरकुत्या पडल्यावर ते स्कॅनरवर नीट बसत नाही, मग तज्ज्ञाकडून जिलेटिनचा थर सोडवून घ्यावा लागतो, आणि ते एकेका निगेटिव्हचं, फार सावकाश चालणारं काम आहे.