काळ्या डोंगरामागचा सूर्य आणि मधली हवा

मावळतीच्या लाल गोळ्यापुढे डोंगराची काळी कड पाहून फोन काढला, आणि फोटोत तो गोळा पांढरट टिकलीएवढा आला, असं बहुतेकांचं होतं. दोष फोनचा नाही. सूर्यबिंब आकाशातला जेमतेम अर्धा अंश अडवतं, आणि फोनच्या मुख्य कॅमेऱ्याच्या चौकटीत आडवे साधारण 70 अंश मावतात. म्हणजे चौकटीच्या रुंदीचा सुमारे 130वा भाग सूर्याच्या वाट्याला येतो. क्षितिजाजवळ तो मोठा भासतो, ही आपल्या मेंदूची करामत. मोजून पाहिलं तर तिथे तो वाढलेला नसतोच, उलट उंचीला थोडा कमी भरतो. त्याचं कारण पुढे येईलच.

मोठ्या कॅमेऱ्याचा हिशेब सोपा आहे. लेन्सची फोकल लेंथ, म्हणजे लेन्सवर मिलिमीटरमध्ये लिहिलेला आकडा, घ्या आणि 108 ने भागा, की सेन्सरवर, म्हणजे कॅमेऱ्यातल्या प्रकाश टिपणाऱ्या पट्टीवर, पडणाऱ्या सूर्याचा व्यास मिळतो. 50 मिलिमीटरच्या लेन्सला अर्धा मिलिमीटरही नाही, 400 च्या लेन्सला 3.7 मिलिमीटर. मोठ्या कॅमेऱ्यांतल्या फुल-फ्रेम सेन्सरची उंची 24 मिलिमीटर असते हे लक्षात घेतलं, की लोक एवढ्या लांबलचक लेन्स का वाहून नेतात ते कळतं.

हा 108 आला कुठून? सूर्य आपल्यापासून स्वतःच्या व्यासाच्या साधारण 108 पट दूर आहे. त्यामुळे कुठलीही वस्तू तिच्या रुंदीच्या 108 पट अंतरावरून पाहिली, तर ती सूर्यबिंबावर बरोबर बसते. 300 मीटर रुंदीचा सुळका सूर्याच्या आत बसवायचा असेल, तर सुमारे 32 किलोमीटर मागे जायला हवं. इथेच बरेचजण फसतात. लांब लेन्स लावली की सूर्य मोठा होतो खरा, पण डोंगरही त्याच पटीत मोठा होतो. त्या दोघांचं आपसातलं प्रमाण लेन्सने बदलत नाही, ते बदलायला जागा सोडावी लागते. शिवाय त्या 32 किलोमीटरवरून तुम्ही दीडशे मीटर बाजूला सरकलात, तर सुळका अर्ध्या बिंबाने सरकतो. आणि सूर्य तर दर दोन मिनिटांत स्वतःच्या रुंदीएवढा पुढे जातो. म्हणून जागा आणि तारीख आधी ठरवायची, लेन्सचा विचार त्यानंतर.

आता डोंगराच्या काळेपणाबद्दल. सूर्य मागे असला की डोंगराची आपल्याकडची बाजू सावलीत असते, पण ती काळीठिक्कर नसते. आपल्या डोळ्यांना तिच्यावरची झाडंही दिसतात. चांगला सेन्सर एका फोटोत 14 स्टॉप, म्हणजे जवळजवळ 16 हजार पट तेजाचा फरक सामावून घेतो. बिंब आणि सावलीतला कडा यांच्यातली दरी बहुतेकदा त्याहून मोठी असते. दोन्ही सांभाळायच्या नादात ऑटो मोड चित्र उजळवतो, त्यात डोंगर राखाडी होतो आणि सूर्य फाटतो, म्हणजे नुसता पांढरा डाग उरतो. त्यापेक्षा सूर्याशेजारच्या उजळ आकाशावर एक्स्पोजर (किती प्रकाश घ्यायचा ते) बांधावं आणि डोंगराला अंधारात जाऊ द्यावं.

तरीही 32 किलोमीटरवरचा डोंगर पूर्ण काळा येत नाही, कारण मध्ये 32 किलोमीटर हवा असते. तिच्यातले रेणू, बाष्प आणि धूळ सूर्यप्रकाश विखुरतात आणि डोंगरापुढे उजेडाचा पडदा धरतात. धुळीचे कण प्रकाश मुख्यतः पुढच्याच दिशेला फेकतात, म्हणून सूर्य समोर असताना हा पडदा जास्तच झगमगतो. एकामागे एक रांगा असतील तर जवळची गडद, तिच्यामागची फिकट, त्यामागची त्याहून फिकट. फोटोतली खोली इथून येते. कॉम्प्युटरवर बसून सगळ्या रांगा सारख्याच काळ्या करणाऱ्यांचं मला नवल वाटतं. ज्या हवेसाठी एवढं लांब गेले, तीच पुसून टाकतात!

बिंबाला रंगही हवाच देते. क्षितिजावरून येणारा प्रकाश डोक्यावरून येणाऱ्या प्रकाशाच्या सुमारे 38 पट हवा ओलांडतो. निळा प्रकाश लाल प्रकाशाच्या चौपटीहून अधिक विखुरतो, म्हणून वाटेतच गळतो. हीच हवा प्रकाश वाकवतेही. क्षितिजाशी सूर्य 34 कलांनी (एका अंशाच्या 60 कला) उचललेला दिसतो आणि त्याचा स्वतःचा व्यास आहे 32 कला. म्हणजे बिंब क्षितिजाला टेकलेलं दिसतं तेव्हा प्रत्यक्षात ते खाली गेलेलं असतं. खालची कड वरच्या कडेपेक्षा जास्त उचलली जाते, म्हणून बिंब चपटं होतं आणि त्याची उंची साधारण एक षष्ठांशाने घटते. जवळच्या उंच डोंगरामागे हे दिसत नाही, त्यासाठी डोंगर दूर आणि क्षितिजाला चिकटलेला हवा.

(ऑप्टिकल व्ह्यूफाइंडरला डोळा लावून लांब लेन्समधून सूर्याकडे बघू नका. दृष्टिपटल भाजतं आणि भाजताना दुखतही नाही. स्क्रीनवर पाहा.)

अंतर किती ताणता येतं? फ्रान्समधल्या मार्सेलहून पिरेनीज या फ्रान्स-स्पेन सीमेवरच्या पर्वतरांगेतलं 2,784 मीटर उंचीचं कानिगू शिखर सुमारे 250 किलोमीटरवर आहे. एरवी ते दिसत नाही. फेब्रुवारीच्या पूर्वार्धात आणि ऑक्टोबरच्या अखेरीस काही संध्याकाळी सूर्य नेमका त्याच्यामागे मावळतो, आणि हवा स्वच्छ असेल तर बिंबावर डोंगराची काळी कड उमटते. खगोलशास्त्रज्ञ बॅरन फॉन झाख यांनी 1808 सालीच ती पाहिली होती. 2016 साली पिरेनीजमधल्याच एका शिखरावरून सूर्योदयाच्या सुमारास आल्प्समधल्या पिक गास्पारची छायाकृती टिपली गेली, तब्बल 443 किलोमीटरवरून. समुद्रसपाटीच्या हवेत धुळीचा कणही नसला, तरी दिवसा सुमारे 300 किलोमीटरपुढचं दिसत नाही. इथे दोन गोष्टी मदतीला आल्या. उंचावरची हवा विरळ होती, आणि उजेड डोंगराच्या मागे होता.

छायाकृती नेहमी काळीच येते असंही नाही. स्विस स्फटिकतज्ज्ञ लुई आल्बेर नेकर यांनी स्कॉटिश भौतिकशास्त्रज्ञ डेव्हिड ब्रूस्टर यांना लिहिलेलं एक पत्र 1832 साली प्रसिद्ध झालं. नुसत्या रेषांनी काढलेला, कधी आत तर कधी बाहेर वळलेला वाटणारा ‘नेकरचा घन’ ह्याच पत्रातला. त्याच पत्रात त्यांनी डोंगरकडेवरच्या झाडांबद्दलही लिहिलं आहे. सूर्य कडेवर येण्याच्या बेतात असताना तिथली झाडं-झुडपं काळी न दिसता चांदीसारखी पांढरीशुभ्र चमकतात, आणि तिथून उडणारे पक्षी ठिणग्यांसारखे. बारीक डहाळ्या आणि पानांच्या कडा प्रकाशाला किंचित वळवून आपल्याकडे पाठवतात. वळण अगदी थोडं असल्याने सूर्य त्यांच्या लगेच खाली असेल तेव्हाच हे घडतं. हा फोटो मागे जाऊन मिळत नाही. त्यासाठी डोंगराच्या सावलीत, डहाळ्या वेगळ्या दिसतील इतकं जवळ उभं राहावं लागतं, आणि बिंब वर यायच्या आधीची थोडीच मिनिटं हाती असतात.